थोरल्यांचं नवं डोकं

सकाळी भट्टी पेटली तेव्हा भावंडांच्या नेहमीच्या भांडणाला नुकतंच तोंड फुटलं होतं, आणि दुपारपर्यंत दोन्ही चांगली तापली.

ह्या घरात त्याचं कुणाला नवल नव्हतं. दोन पिढ्या ह्या कारखान्याने लोकांचे बाप ब्राँझमध्ये ओतले. शाळा काढणारे, बँक काढणारे, पूल बांधणारे, आणि एक तर असा, की त्याने आयुष्यात काय काढलं ते त्याच्या पोरांनाही धड सांगता येईना, पण चौथरा मात्र पुरुषभर उंच हवा होता. सगळ्यांना ह्या घराने रुबाबात उभं केलं. स्वतःच्या बापाची गोष्ट निघाली, की मात्र तिघं भावंडं तीन दिशांना तोंडं करून बसायची.

धाकटीला, म्हणजे घरातल्या धाकट्या सुनेला, आज त्यांच्या भांडणासाठी वेळ नव्हता. आज तिने केलेलं डोकं ओतायचं होतं.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती मेणकामाच्या खोलीत बसत आली होती, आणि तिच्या वाट्याला यायचे ते जोडे, बटणं, कोटाच्या चुण्या, फार तर एखादी मिशी. डोकी बाबा करायचे. बाबा म्हणजे तिचे सासरे, हा कारखाना काढणारे. ते गेल्यावर डोक्यांसाठी बाहेरून शिल्पकार यायला लागला. तो चहा प्यायचा जास्त, काम करायचा कमी, आणि धाकटीच्या बटणांकडे वळूनही बघायचा नाही. मग एक दिवस चौकातल्या थोरल्यांवर ट्रक आदळला.

थोरले म्हणजे ह्या शहराचे संस्थापक. दलदल बुजवून पहिली घरं त्यांनी बांधली, असं शाळेत शिकवतात. त्यांचा पुतळा बाबांनी ओतला होता, कारखान्याचं ते पहिलं मोठं काम. ट्रकने चौथरा हलवला आणि थोरले सरळ तोंडघशी पडले. धड शाबूत राहिलं, चेहरा मात्र पार चेपला. नगरपालिकेने नवं डोकं मागितलं, शिल्पकार नेमका परदेशी गेलेला, तेव्हा दादांनी धाकटीला ऑफिसात बोलावलं. दादा म्हणजे तिचे थोरले दीर, बाबांच्या मागे कारखान्याचे मालक.

“एक डोकं करून दे,” ते म्हणाले होते. “उतरलं तर पुढची सगळी तुझी. नाही उतरलं तर परत बटणं. मला गोड बोलता येत नाही, म्हणून आधीच सांगतो.”

म्हणून ती आज भट्टीपाशी उभी होती, चामडी एप्रन, जाड बूट, केस फडक्यात घट्ट बांधलेले. खड्ड्यात वाळूत पुरलेला साचा अजून गरम होता. आतलं मेण भाजताना वाहून गेलं होतं, आणि त्या मेणाबरोबर तिचे कित्येक महिने. आता तिने केलेला चेहरा म्हणजे साच्याच्या पोटातली एक पोकळी होती. गरम असतानाच त्यात ब्राँझचा रस पडला तर डोकं. साचा गार झाला, तडकला, तर मातीचा चुरा.

तेवढ्यात दादा आले. काखेत बाबांचा फ्रेम केलेला फोटो, चष्मा कपाळावर चढवलेला.

“धाकटे, जरा थांब. ओतण्याआधी मला मेण बघायचंय.”

“मेण कुठलं, दादा?” धाकटी म्हणाली. “मेण गेलं वाहून. तुम्हाला ठाऊक नाही का?”

“ठाऊक आहे गं. डोक्यात नाही राहिलं.” त्यांनी फोटो वाळूच्या पोत्यावर नीट टेकवून ठेवला. “बरं, मग एवढं सांग. समोर कुणाला बसवलं होतंस?”

हा प्रश्न कारखान्यात कुणी विचारायचा नसतो. बाबांचा नेमच होता तो. समोर जिवंत माणूस बसल्याशिवाय चेहरा करायचा नाही, कारण फोटोवरून केलेला चेहरा फोटोसारखाच चपटा होतो. आणि कोण बसलं होतं हे मरेपर्यंत सांगायचं नाही, कारण सांगितलं, की बसणाऱ्याची बायको येते आणि म्हणते, आमच्या ह्यांचं नाक असं नाही.

“ते सांगत नाहीत, दादा,” धाकटी म्हणाली.

“नेम मला शिकवू नकोस. मी तो पाळून म्हातारा झालोय.” दादांनी आवाज चढवला, तशी घासकामाच्या खोलीतून अक्का बाहेर आली. अक्का ही मधली बहीण. ओतलेलं काम घासून, रंग चढवून झळकवणं हे तिचं खातं, आणि दादांचा आवाज चढला की तिथे हजर होणं हेही तिचंच खातं.

“काय झालं? कोण मेलं?”

“कुणी मेलं नाही. बरं झालं आलीस. बाळ्यालाही बोलाव.”

बाळ्या म्हणजे धाकटीचा नवरा. पन्नाशी उलटली, केस पिकले, भट्टी त्याच्याइतकी कुणाला कळत नाही असं लोक सांगतात, पण भावंडांत तो बाळ्याच. त्याने पंख्याच्या घरघरीतून हात हलवून विचारलं, काय आहे. अक्काने हातानेच खूण केली, ये इकडे, नेहमीचंच.

“मी आता सांगतो ते नीट ऐका,” दादा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “इतकी वर्षं पोटात ठेवलंय. थोरल्यांचं चित्र जगात कुठेही नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. मग बाबांनी चेहरा कुणाचा केला? स्वतःचा. आरशासमोर बसून. चौकात जे उभे होते ते थोरले नव्हते, आपले बाबा होते.”

रसाची मूस उचलायला उभे असलेले दोघं कामगारही कान देऊन ऐकत होते.

“मला त्यांनी स्वतः सांगितलं. मी शाळेत जात होतो. चौकात माझा हात धरून म्हणाले, वर बघ, तो तुझा बाप आहे. कुणाला बोलू नकोस. मी नाही बोललो. पण आता अनावरणाच्या दिवशी सांगणार आहे, भर चौकात. नगराध्यक्षांच्या कानावर घातलंय, भाषण तयार आहे. शहराच्या बापाला आपल्या बापाचा चेहरा आहे. केवढी गोष्ट आहे ही. म्हणून हे डोकं बाबांसारखं व्हायलाच हवं.”

अक्का भावाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “दादा, तू पडलास की काय कुठे?”

“का?”

“अरे, तो आजोबांचा चेहरा होता. बाबांना ज्यांनी घराबाहेर काढलं त्या आजोबांचा. मला तापात बाबांनी उशाशी बसून सांगितलंय. म्हणाले, ज्याने मला उन्हात काढलं त्याला मी चौकात उन्हात उभा केलाय, आणि रोज कबुतरं त्याचा समाचार घेतात. एवढे हसले होते, की मला घाम फुटून ताप उतरला. कुणाला बोलू नकोस म्हणाले.”

“तापात ऐकलंस तू,” दादा म्हणाले. “तापात माणसाला काहीही ऐकू येतं.”

“तापात मी होते. बाबा नव्हते.”

बाळ्याने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि तो सगळाच काही भट्टीचा नव्हता. “तुम्ही दोघंही चुकलात. तो उस्तादांचा चेहरा. बाबांना ज्यांनी ओतकाम शिकवलं त्यांचा. मला पहिल्यांदा भट्टीपाशी उभं केलं तेव्हा सांगितलं त्यांनी. जन्म देणारा बाप कुणालाही मिळतो म्हणाले, हात देणारा बाप नशिबाने मिळतो. त्याला मी चौकात ठेवलाय. आणि मला म्हणाले...”

“कुणाला बोलू नकोस,” अक्का म्हणाली.

“हो.”

आता खरं तर हसायची वेळ होती, पण तिघांपैकी कुणालाच हसू येईना. तिघंही इतकी वर्षं एकेक गुपित उराशी धरून त्या चौकातून ये-जा करत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं, बापाने ते आपल्या एकट्याला दिलं. मग काय, सुरू झालं.

“स्वतःचा चेहरा चौकात लावण्याइतके बाबा फुगलेले नव्हते,” अक्का म्हणाली, आणि बाळ्याने मान डोलावली.

“आणि आजोबांना तर दाढी होती,” दादा म्हणाले. “थोरल्यांना कुठे दाढी होती?” ह्यावरही बाळ्याने मान डोलावली.

“अरे, दाढी काढता येते मेणात. पण उस्तादांचं नाक बसकं होतं,” अक्का बाळ्यावर उलटली. “थोरल्यांचं नाक बघ. धार काढता येईल त्याच्यावर.”

“हे मात्र खरं,” दादा तत्काळ बहिणीच्या बाजूला गेले.

“म्हणजे तुम्ही दोघं एक झालात. लहानपणापासून तेच,” बाळ्या म्हणाला. “फटाक्यासारखं माझ्यावर फुटायचं असलं की बरोबर एक होता.”

धाकटी मध्येच म्हणाली, “बाबांनी नेम पाळला.”

तिघंही तिच्याकडे वळले. या घरात सुनेने भावंडांच्या भांडणात पडायचं म्हणजे चालत्या चाकात हात घालायचा. पण ती बोलून गेली होती, मग पुढचंही बोलली. “तिघांनी विचारलं असणार. नाही सांगितलं असतं तर तुम्ही सोडलं नसतं. म्हणून तिघांना तीन नावं दिली. म्हणजे कुणालाच दिलं नाही.”

अक्का खुदकन हसली. “लबाड म्हातारा. काय पण डोकं.” बाळ्याच्याही ओठांच्या कडा हलल्या. पण दादा वाळूच्या पोत्यावर बसले, बाबांच्या फोटोशेजारी, आणि एकदम थकल्यासारखे दिसले.

“मी रोज चौकातून जाताना मान लववायचो,” ते म्हणाले. “रोज. पाऊस असला तरी थांबून. लोकांना वाटायचं, केवढी शहराबद्दल भक्ती.”

धाकटीला ते ऐकवेना. तिला आत काहीतरी लागलं, आणि त्याला कारण होतं. तिने समोर बसवलं होतं ते दुसरं कुणी नव्हतं, दादाच होते.

म्हणजे बसवलं असं म्हणता येणार नाही. ते बसायचेच. मेणकामाची खोली आणि ऑफिस यांच्यामध्ये एक काच आहे. सुरुवातीचे दिवस धाकटीने बाहेरची माणसं बसवून बघितली. टपालवाला बसवला, शेजारचा दंतवैद्य बसवला, एक निवृत्त न्यायाधीश तर स्वतःहून बसला आणि मान आखडली म्हणून तिच्यावरच रागावला. सगळे चेहरे छान झाले, पण शहर उभं करणारा माणूस एकातही दिसेना. एका दुपारी ती कंटाळून काचेकडे बघत होती. पलीकडे दादा फोनवर कुणाला तरी झापत होते, फोन ठेवून त्यांनी डोळे मिटले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाकाचं मूळ चिमटीत धरलं. मग डोळे उघडून पुढच्या कामाला लागले. धाकटीने नवं मेण उचललं, ते त्या दिवशी.

कारण हा कारखाना काढला बाबांनी हे खरं, पण काढून झाल्यावर बाबा असायचे कुठे? अनावरणांना, सत्कारांना, दुसऱ्या शहरांत भाषणांना. मागे दादा. त्यांनी कॉलेज अर्ध्यात सोडलं. अक्काच्या वेण्या त्यांनी घातल्या, वाकड्या का होईना. बाळ्या नापास झाला तेव्हा शाळेत मान खाली घालून तेच गेले. बाबांचं बापपण सगळं दादांच्या अंगावर पडलं, आणि हे सांगितलं की ते म्हणायचे, छे, मी कोण, मी नुसता सांभाळणारा. घरच्या फोटोतही ते असे कडेला उभे राहतात, की निम्मे बाहेर जातात. त्यांना आत्ता सांगितलं असतं, की चौकात तुम्ही उभे राहणार आहात, तर साचा त्यांनी स्वतःच्या हातांनी फोडला असता. तेव्हा धाकटी गप्प होती.

“झालं ते झालं,” दादा उठले. “जुनं डोकं कुणाचं होतं, ते बाबांबरोबर गेलं. पण नवं तरी बाबांचं असू दे. चौकात माझा बाप मला हवाय. तू जर भलत्याच कुणाला बसवलं असशील, टपालवाल्याला वगैरे, तर मी ते ओतू देणार नाही. नाव सांग.”

“दादा, ओतून झाल्यावर सांगते.”

“आधी.”

“तिचं काम आहे, तिला ठरवू दे,” अक्का म्हणाली.

“नाव सांगेपर्यंत मी शब्द देणार नाही.”

हा मात्र खरा फास होता. शब्द म्हणजे ‘उचला’. ह्या कारखान्यात ओतताना एकच आवाज चालतो, आणि तो घरातल्या वडील माणसाचा. फार पूर्वी दोघांनी दोन हुकूम दिले होते, एक म्हणाला पुढे आणि दुसरा मागे, आणि रस एका कामगाराच्या पायावर सांडला. तेव्हा बाबांनी नियम केला. एकाने ‘उचला’ म्हणायचं, आणि ज्याने म्हटलं त्यानेच शेवटपर्यंत बोलायचं. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, मग छप्पर कोसळलं तरी.

बाळ्या भट्टीकडे धावला. झाकण सरकवून त्याने आत पाहिलं, आणि वळला तेव्हा त्याच्या तोंडावर भावंडांचं भांडण नव्हतं. “रस तयार आहे. हिरवट ज्योत यायला लागलीय.”

“थांबव थोडा,” दादा म्हणाले.

“थांबवून चालत नाही, दादा. जास्त तापला तर त्यातलं कथील जळेल, मग डोक्यात भोकं पडतील. आणि खाली साचा गार होतोय. आत्ता नाही तर नाहीच.”

“दादा, शब्द दे,” अक्का म्हणाली.

“तिने नाव दिलं की देतो.”

“तू सत्तरीला आलास आणि अडून बसायची सवय गेली नाही. लहानपणी दुधाच्या पेल्यावरून असाच बसायचास.”

“तू मध्ये पडू नकोस. मी बापासाठी अडलोय, दुधासाठी नाही.”

धाकटीने खड्ड्याकडे पाहिलं. साच्याच्या तोंडाशी हवा अजून थरथरत होती, पण मघापेक्षा कमी. खाली एक चेहरा होता, तिच्या आयुष्यातला पहिला, आणि तो तिथल्या तिथे मरत होता. परत करता आला नसता. तसं मेण परत हाताखाली येत नाही. तिने दादांकडे पाहिलं, आणि तिला त्यांचा राग आला, माया आली, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तोंडातून शब्द गेला.

“उचला.”

कामगारांचे हात मनाला विचारत बसत नाहीत. ‘उचला’ ऐकलं आणि मूस वर आली. झाकण बाजूला झालं, सगळ्या शेडमध्ये नारिंगी उजेड पसरला, आणि लांब दांड्याच्या कड्यात मूस बसली, पांढरट पिवळी, डोळा ठरू न देणारी. आता परत फिरणं नव्हतं. बाळ्या बायकोकडे बघतच राहिला. अक्काने हात तोंडावर नेला. दादांचं तोंड उघडलं होतं, पण नियम नियम होता, आणि तो पाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

“मळी,” धाकटी म्हणाली. बाळ्याने लांब पळीने रसावर तरंगणारी मळी बाजूला ओढली. रस आरशासारखा झाला.

“पुढे. सावकाश. थांबा. वाकवा.”

पहिली धार साच्याच्या तोंडात पडली. तिला फार आवाज नसतो, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. एवढा उजेड आणि आवाज दुधाच्या धारेचा. आत, त्या अंधारात, हनुवटी भरत होती, मग ओठ, मग नाक. तिला सगळं दिसत होतं.

आणि खड्ड्याच्या डाव्या अंगाला वाळूतून एक लाल ठिपका वर आला.

साचा फुटत होता. वाट पाहताना गार झाला होता तिथेच चीर गेली असणार. ठिपक्याची जीभ झाली आणि वाळूत सरपटायला लागली. दोघा कामगारांचे हात क्षणभर अडखळले. धार बारीक झाली. धाकटीला सगळं पाठ होतं, पण हे पाठात नव्हतं. ‘थांबा’ म्हणावं की ‘पुढे’, तिला सुचेना. थांबलं तर चेहऱ्यावर आडवी रेघ, कायमची. नाही थांबलं तर सगळा रस वाळूत.

“थांबवू नकोस.” तिच्या कानाशी आवाज होता, अगदी हलका, तिलाच ऐकू जाईल एवढा. दादा तिच्या मागे उभे होते. “धार मोठी कर. म्हण.”

“धार मोठी करा,” ती म्हणाली.

“बाळ्याला म्हण, ओली वाळू. डावीकडे. पायाने दाबायची नाही, फावड्याने.”

“ओली वाळू, डावीकडे, फावड्याने.” बाळ्या झेपावला. वाफ उसळली, त्यात तो दिसेनासा झाला, मग फावडं खालीवर होताना दिसलं. अक्काने दुसरं फावडं घेतलं. एप्रन नाही, काही नाही, नेसत्या कपड्यांनिशी ती खड्ड्याच्या कडेला भावाशेजारी वाळू लोटायला लागली.

“आता जीभ काळी पडते का बघ.”

“काळी पडतेय,” धाकटी पुटपुटली.

“हे मला सांगू नकोस, त्यांना सांग. घाबरलेत ते.”

“बंद झालं,” ती मोठ्याने म्हणाली. “छान चाललंय. असंच.”

“आता नळ्यांकडे बघ. हवेच्या. रस वर आला की...”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली, आणि तिला खरंच माहीत होतं. मागे आवाज थांबला. पण दादांचा हात तिच्या पाठीवर होता, एखाद्या पोराला सायकलवर बसवून मागे धरावा तसा, आणि तो त्यांनी काढला नाही. एका नळीत रस वर आला. मग दुसऱ्या. मग मागच्या कवटीवरच्या.

“पुरे. वर घ्या. ठेवा.”

मूस खाली गेली. मग बाळ्याने फावडं टाकलं आणि खाली बसून मोठमोठ्याने हसायला लागला, अक्कालाही हसू फुटलं, तिच्या भुवया थोड्या भाजल्या होत्या, आणि दोघं कामगार एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. धाकटीने वळून दादांकडे पाहिलं.

“दादा, माझं चुकलं. मी शब्द...”

“चुकलंच,” दादा म्हणाले. कपाळावरचा चष्मा घेऊन ते पुसायला लागले, जो मुळीच खराब झालेला नव्हता. “पण आवाज चांगला लागला. चहा मागवा कुणीतरी.”

संध्याकाळच्या सुमारास साचा फोडण्याजोगा गार झाला. त्या दरम्यान कुणी घरी गेलं नाही, जेवणसुद्धा उभ्याउभ्याच झालं. साचा खड्ड्यातून वर काढून शेडच्या दाराशी, उजेडात ठेवला. पहिला घाव धाकटीने घातला, मग बाळ्याने मागून, आणि अक्का हाताने ढलप्या काढत गेली. आधी मागचं डोकं आलं, काळं, खडबडीत, ओतनळ्यांची शिंगं वर निघालेली. मग मान. चेहऱ्यावरची ढलपी तेवढी राहिली होती. अक्काने ती दोन्ही हातांनी धरून अलगद ओढली.

रेघ नव्हती. भोक नव्हतं. काजळी आणि भाजल्याचे डाग यांच्याआडून एक माणूस समोर बघत होता, आत्ताच फोन ठेवून पुढच्या कामाकडे वळल्यासारखा.

अक्का डोक्याकडे बघत राहिली. मग तिने मान उचलून दादांकडे पाहिलं, आणि पुन्हा डोक्याकडे. मग धाकटीकडे. तिचे डोळे एकदम भरून आले. “काखेत कळसा,” ती स्वतःशीच म्हणाली, “आणि आम्ही गावाला वळसा घालत बसलो.” बाळ्यालाही दिसलं होतं. त्याने बोलायला तोंड उघडलं, तसा अक्काने त्याच्या बुटावर पाय दिला, चांगला वजन टाकून.

दादांना ह्यातलं काही दिसलं नाही. ते बाबांचा फोटो घेऊन आले होते. डोक्याशेजारी फोटो धरून त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्यांचे ओठ हलत होते.

“बाबा,” ते म्हणाले. “हे बाबाच आहेत.”

इतक्या वर्षांत बापाच्या गोष्टीवर तिघांचं कधी जमलं नव्हतं, आणि आता दोघं दादांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

“हो रे दादा,” अक्का म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण तिने तो सावरला. “बाबाच. आमचंच चुकलं. आजोबा कुठले, बाबाच हे.”

“बाबाच,” बाळ्या म्हणाला. त्याने बाही डोळ्यांना लावली. “उस्ताद वगैरे काही नाही. मी लहान होतो, मला कळलं नसेल. तुझंच खरं होतं.”

दादांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एवढा मोठा विजय त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो घ्यायचा कसा हे त्यांना कळेना. ते धाकटीकडे वळले. “फोटोवरून नाही ना केलंस?”

“नाही, दादा. जिवंत माणूस बसला होता समोर. रोज.”

“कोण ते नको सांगू. आता नको. नेम आहे.” त्यांनी डोक्याच्या कपाळावरून तळहात फिरवला. मग पुन्हा डोक्याकडे बारकाईने पाहिलं, मान एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे, आणि मालकाचा नेहमीचा सूर आला.

“सगळं उत्तम आहे. फक्त कान. कान जरा मोठे झालेत, धाकटे. बाबांचे एवढे नव्हते. पुढच्या डोक्याला तेवढं सांभाळ.”